पार्ल्याचें टिळक विद्यालय

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस निवर्तले. पुढें कोठें त्यांचा पुतळा झाला, कोठें स्मारकमंदिर; विलेपार्ल्याच्या रहिवाशांनीं मात्र ९ जून १९२१ रोजीं त्यांच्या नांवें एक शाळाच काढली.

ही निवड किती उचित होती, हें लोकमान्यांस केवळ राजकारणी म्हणून ओळखणारांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, त्यांत टिळक प्रारंभापासून होते. ते गणित शिकवीत, आणि १८९० सालीं राजीनामा देईपर्यंत अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय होता.

शिवाय १९२१ हें साल असहकारितेचें. सरकारी शाळा सोडा, अशी हांक देशभर उठली असतां पार्लेकर नवी शाळा उघडीत होते! पण त्यांची अडचण घरगुती होती. पार्लें तेव्हां मुंबई शहराच्या हद्दीबाहेर. वडील आगगाडीनें रोज कचेरी गांठीत. दहा वर्षांच्या पोरानें तसें कसें करावें?

पु. ल. देशपांडे याच शाळेंत शिकले. संस्थेनें १९५९ सालीं महाविद्यालयही काढलें. तेंच आजचें साठ्ये महाविद्यालय. काळाप्रमाणें संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळाही निघाली. मराठी शाळा अद्याप भरते. परंतु मूल कोणत्या शाळेंत घालावें, यावर ज्या घरांतील आजोबा येथेंच शिकले, त्याच घरांत आतां वाद होतात.