पिस्तुलाची खाच आणि गोळीचा ठाव

दिनांक २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांग येथे कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक पटकाविले. ह्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी त्यांची ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिल्या जादा फेरीतही ४-४ असाच निकाल लागला आणि दुसरीत ३-२ असे यश आले. एका गोळीने पदकाचा रंग ठरतो, तेथे धरलेला नेम आणि गोळीचा ठाव ह्यांत अंतर पडून चालत नाही.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी माशी असते व मागील बाजूस चौकोनी खाच. माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी व दोहोंचे माथे एका रेषेत आले, म्हणजे नेम जुळला. स्पर्धेच्या पिस्तुलात मागील खाच दोन स्क्रूंनी सरकविता येते. एक वर-खाली, दुसरा डावी-उजवीकडे. नियम सोपा आहे : गोळी जिकडे जावयास हवी, तिकडे मागील खाच सरकवावी. गोळ्या डावीकडे पडत असतील तर खाच उजवीकडे. खाली पडत असतील तर वर. खाच उजवीकडे गेली की माशी तिच्या मध्यावर आणताना नेमबाज नकळत नळीचे तोंडच उजवीकडे वळवितो. माशी सरकवावयाची झाल्यास मात्र हाच नियम उलटा होतो आणि नवख्याचा गोंधळ बहुधा येथेच उडतो.

खाच किती सरकवावी, हे त्रैराशिकाने निघते. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात घेण्याजोगे वाटेल. माशी व खाच ह्यांतील अंतर २२० मिलिमीटर, लक्ष्य २५ मीटरवर आणि गोळ्या ५० मिलिमीटर डावीकडे, म्हणजे लक्ष्यावरील दोन वर्तुळांइतक्या बाजूला. ५० ला २२० ने गुणून २५,००० ने भागल्यास ०.४४ मिलिमीटर येतात. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! म्हणूनच हा स्क्रू टक् टक् आवाज करीत टप्प्याटप्प्याने फिरतो. टप्प्याचे माप प्रत्येक बनावटीत वेगळे असल्याने ते पिस्तुलाच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

परंतु स्क्रूला हात लावण्यापूर्वी लक्ष्याकडे नीट पाहावे. एक गोळी बाजूला गेली, एवढ्यावरून काही ठरत नाही. पाच-दहा गोळ्या एकाच ठिकाणी दाटीने, पण मध्यापासून दूर पडल्या असतील, तरच दोष खाचेकडे जातो. त्या चहूकडे विखुरल्या असतील, तर दोष हाताचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जाऊ लागल्या, की प्रशिक्षक प्रथम चापावरील बोट पाहतात; झटका देऊन चाप ओढण्याची खोड स्क्रूने सुधारत नाही. उलट अशा वेळी खाच हलविली, तर बोट सुधारल्यावर गोळ्या विरुद्ध दिशेला जातात.

स्पर्धेत ह्या निर्णयाला सवड थोडी. महिलांच्या २५ मीटर प्रकारात सावकाश टप्प्यापूर्वी सरावाच्या पाचच गोळ्या मिळतात, त्याही पाच मिनिटांत. पुढील जलद टप्प्यात लक्ष्य बदलते व एका गोळीस तीन सेकंद मिळतात. पहिल्या टप्प्यात काळ्या वर्तुळाखाली आणि दुसऱ्यात मध्यावर नेम धरणाऱ्या नेमबाजास मधल्या वेळेत खाच पुन्हा बदलावी लागते. किती टप्पे व कोणत्या बाजूस, हे तो सरावातच वहीत लिहून ठेवतो.