कॅप्सूल, ताक आणि कॅन्सर

परभणीकडची आंबील उन्हाळ्यातली. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचे, सकाळी शिजवायचे आणि निवल्यावर वरून पुन्हा ताक, लसूण, जिरे, मीठ घालायचे. पीठ आंबवणारे जिवाणू चुलीवरच मरतात. जिवंत पोटात जातात ते वरच्या ताकातले. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली, ती अशी: पुरेशा संख्येने घेतले असता आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या ताकात कोणते जिवाणू किती, हे कोणी मोजलेले नसते. म्हणून ते उत्तम अन्न आहे, पण त्याला औषध म्हणता येत नाही. हा भेद सुटला, की पचनमार्गाच्या कॅन्सरबद्दल भलत्या आशा लावल्या जातात.

जिवाणू आणि कॅन्सर यांचा संबंध मात्र खरा आहे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीला 1994 मध्ये कॅन्सरकारक ठरवण्यात आले. तो घालवायला प्रतिजैविकेच लागतात. प्रोबायोटिकने त्यांचा जुलाबासारखा त्रास कमी होऊ शकतो, इतकेच. मोठ्या आतड्यात चांगले जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. पण प्रत्यक्ष चाचणीचा निकाल सावध करणारा आहे. जपानमध्ये आतड्यातल्या गाठी काढलेल्या 398 जणांवर चार वर्षे चाचणी झाली (2005). लॅक्टोबॅसिलस केसीमुळे नव्या गाठी लक्षणीयरीत्या घटल्या नाहीत; जास्त बिघडलेल्या पेशींच्या गाठी तेवढ्या कमी दिसल्या. इटलीत पंचेचाळीस हजारांवर लोकांच्या पाहणीत दही खाणाऱ्यांना आतड्याचा कॅन्सर कमी आढळला, पण दही खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात.

‘घेतले तर बिघडते काय?’ असे विचारले जाते. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे प्रोबायोटिक दिल्याने जंतुसंसर्ग घटल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल घेऊ नये. दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आंबील पिणाऱ्यांना कुठे कॅन्सर होता? होता की नव्हता, हे सांगायला नोंदच नव्हती. बार्शीत ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली ती 1987 मध्ये.

मग जिवाणू विकत घेण्यापेक्षा पोटात आहेत त्यांना खाऊ घालणे अधिक शहाणपणाचे. आनुवंशिक जोखीम असलेल्यांच्या एका चाचणीत रोज 30 ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला गेला. 2022 साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत आतड्याचे कॅन्सर घटले नाहीत, पण जठर, स्वादुपिंड अशा वरच्या भागांतले घटले. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी लोह-जस्तासाठी आहे, कॅन्सरसाठी नव्हे. तरी ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले तंतू हाच जिवाणूंचा रोजचा खुराक. तंबाखू-गुटखा सुटला नाही, तर त्या भाकरीचाही उपयोग नाही. आणि घास अडकू लागला किंवा शौचातून रक्त गेले, तर ताक वाढवत न बसता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.