कोल्हापूर: पेठांमधली कला

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून आहेत. मैदान 1912 मधले, नाट्यगृह 1915 मधले. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली. (ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृह आगीत होरपळले, तेव्हा अवघे शहर हळहळले.) कुस्ती आणि नाटक या दोहोंना इथे एकाच दरबाराचा आश्रय मिळाला आणि पुष्कळसा प्रेक्षकही एकच. त्यामुळे कला ही चार जाणकारांची मिरास कधी राहिली नाही.

अशा शहरात एका कामातून दुसरे काम कसे निघते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बाबूराव पेंटर. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सिनेमाचा नाद लागल्यावर दोघे स्वतःच कॅमेरा बनवण्याच्या खटपटीला लागले. 1916 मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी काम तडीस नेले आणि त्या घरच्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 मध्ये आणला. लाकूड, धातू आणि रंग ओळखणारे कारागीर हाताशी नसते, तर हे जमणे कठीण होते. बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल घडले.

संगीतातही तेच. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ दरबारी गायक म्हणून इथे राहिले, त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी शिष्य तयार केले, आणि देवल क्लबच्या बैठकींनी ऐकणाऱ्यांचा कान तयार केला. गाणारा कुठे चुकला हे ओळखणारा श्रोता समोर असला की गवयालाही सांभाळून गावे लागते.

रोजच्या जगण्यात हे सगळे निवांतपणे मिसळलेले असते. गणपतीच्या आधी शाहूपुरी, गंगावेश भागातल्या कुंभार गल्ल्यांत चालायला जेमतेम वाट उरते. घराघरांत मूर्तींवर शेवटचा हात फिरत असतो, आणि डोळे रेखण्याचे काम सहसा घरातल्या जाणत्याकडेच जाते. चप्पल लाइनीत कातडी वेणीचा पीळ बघून गिऱ्हाईक भाव करते. फुटबॉलचे संघही तालमी आणि मंडळांचे: पाटाकडील, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटते, आणि पेठेपेठेतली ईर्ष्या कधी हातघाईवरही येते. रसिकतेची ही दुसरी बाजू कोल्हापूरकर फारशी लपवतही नाहीत.

मात्र हुन्नर इथे पिकते, पैसा दुसरीकडे असतो. 1929 मध्ये इथे निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ चालवून चित्रपटाचा धंदा शहरात टिकवला. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला, तरी त्यांनी पुन्हा उभा केला. पुढे चित्रीकरणे आटली आणि स्टुडिओची जागा विकली गेल्यावर कलावंतांना आंदोलनाला बसावे लागले. आता इथला होतकरू नट किंवा तंत्रज्ञ उमेदवारी कोल्हापुरात करतो आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याची गाडी पकडतो.