उसाची साखर येते कुठून?

मलकापुरात आमच्या शाळेमागेच उसाचा फड आहे. एप्रिलमध्ये वर्गात ‘वनस्पतींचे अन्न’ हा धडा चालला होता. खिडकीतून आमच्याच एका विद्यार्थिनीची अम्मी दिसली. उभ्या उसाचा हिरवा पाला काढून ती भारा बांधत होती. मुलगी पटकन म्हणाली, “टीचर, आमची म्हस ऊस खाते, मग ऊस काय खातो?”

“माती! आणि युरिया!” निम्मा वर्ग ओरडला.

मोठ्या माणसांना विचारलं तरी हेच उत्तर येतं. मातीतून पिकाला नत्र, स्फुरद, पालाश मिळतं, पाणी मिळतं, त्याशिवाय भागत नाही हे खरं. पण साखर काही मातीची होत नाही. ईदच्या शीरखुर्म्यासाठी आपण किलोभर साखर आणतो, तिच्यात साधारण 420 ग्रॅम कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो! पानांवरच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, मुळांकडून पाणी येतं, आणि पानातलं हरितद्रव्य उन्हातली ऊर्जा पकडतं. त्या ऊर्जेवर साखर तयार होते, ऑक्सिजन बाहेर पडतो. मराठीत हे प्रकाशसंश्लेषण, उर्दूत झियाई तालीफ. झिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जुळवणी. किताब संकलित करण्यालाही तालीफच म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.

या कामात ऊस भातापेक्षा तरबेज. त्याचं पान कार्बन आधी चार कार्बनांच्या आम्लात धरून ठेवतं आणि मग शिरांभोवतीच्या पेशींकडे पोचवतं, म्हणून कडक उन्हातही त्याचं काम नेटानं चालतं. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उसावरच हा मार्ग उलगडून दाखवला. मका आणि ज्वारीही याच जातकुळीतली.

पानात झालेली साखर खाली कांड्यात साठते. म्हणजे कांडं हे कोठार आणि पान ही चूल. शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पानं उसाला लागतातच. खालचं वाळलेलं पाचट काढलं तर बिघडत नाही, पण वरचा हिरवा पाला काढला की कांडं बारीक राहतं, वजन घटतं.

शाळा सुटल्यावर मी हे त्या अम्मीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“टीचर, उसाचं बिल वरसानं येतं, दुधाचं दहा दिवसांनी. म्हशीला काय घालू?”

याचं उत्तर बी.एड.ला शिकवलं नव्हतं. बांधावर नेपिअर गवताची कांडी लावा, कापलं की पुन्हा फुटतं, एवढंच सुचलं. पण ते वाढेपर्यंत म्हैस थांबणार थोडीच?

तोड तिनंच काढली. घराजवळच्या दोन सऱ्या म्हशीच्या, बाकीच्या फडाला हात लावायचा नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तिनं बांधावर नेपिअरही लावलं. आता मुलगी रोज येऊन सांगते, “टीचर, आज एवढं झालं,” आणि हात गुडघ्याच्या वर नेते.