‘अस्तु’ पाहून डोळे भरून आले

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट काल आईसोबत पाहिला. दोघांनाही रडू आवरेना.

मोहन आगाशेंनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे पंडित. अल्झायमरमुळे पोटची लेकही ओळखू येईनाशी होते, पण श्लोक ओठांवर असतात.

प्रत्यक्षातही बहुधा असंच घडतं. नुकतं घडलेलं आधी पुसलं जातं, लहानपणी पाठ केलेलं बराच काळ टिकतं. म्हणून अशा रुग्णांची ‘मी कोण, सांगा बरं?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्यांच्या आवडीचं गाणं, स्तोत्र सोबत म्हणा.

चित्रपटात हत्तीमागे निघून गेलेल्या शास्त्रींना माहुताची बायको चन्नम्मा लेकरासारखं जपते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.