इंग्रजीचा चेहरा, मराठीचे नाक

बेटेगाव, बोईसर, तारापूर या पट्ट्यात घरची बोली एक, बाजारातली हिंदी दुसरी आणि कंपनीच्या ऑफिसातली इंग्रजी तिसरी. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, एमआयडीसी विस्तारली आणि मुलाखत, ईमेल, मीटिंग यांतली इंग्रजी इथल्या तरुणांच्या पोटापाण्याशी जोडली गेली. या इंग्रजीत व्याकरणापेक्षा वाक्प्रचार जास्त अडवतात, कारण शब्द ओळखीचे असूनही अर्थ हाती लागत नाही. 'फेस' या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार तर पावलोपावली भेटतात. ते बहुधा अर्थांची यादी देऊन पाठ करून घेतले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. त्यांना आपल्या तोंड-नाकाच्या वाक्प्रचारांशेजारी ठेवून शिकवले तर ते टिकतील. त्यांच्यामागची मानापमानाची समज मराठी मुलाकडे आधीपासूनच असते.

'लूज फेस' म्हणजे चारचौघांत पत जाणे आणि 'सेव्ह फेस' म्हणजे अब्रू राखणे. यातला पहिला प्रयोग इंग्रजांचा मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी तो चिनी भाषेवरून घेतला आणि त्याच्या धर्तीवर दुसरा घडवला. मानापमानाचा अनुभव सारखा होता, म्हणून परका वाक्प्रचार इंग्रजीत रुजला. हीच पत मराठीत नाकावर बसते. आपल्याकडे नाक कापले जाते, नाक घासावे लागते, कुणी नाक वर करून चालतो. नाक कापणे ही एके काळी खरोखरची शिक्षा होती. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलवाला पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले आणि ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. नाक आणि इज्जत यांचे नाते आपल्या भाषेत इतके खोल का गेले, ते अशा शिक्षांवरून कळते.

काही जोड्या जवळजवळ तंतोतंत जुळतात. संकटाला 'फेस' करणे म्हणजे तोंड देणे, 'टू हिज फेस' म्हणजे त्याच्या तोंडावर आणि 'शो युवर फेस' म्हणजे तोंड दाखवणे. स्वतःचे नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा माणूस इंग्रजीतही आहे, फक्त तिथे तो स्वतःच्याच चेहऱ्यावर सूड उगवतो. पण खरे शिक्षण होते ते जुळणी हुकते तिथे. दुःखाने इंग्रजाचा चेहरा लांब होतो, आपले तोंड एवढेसे होते. 'फॉल फ्लॅट ऑन युवर फेस' म्हणजे आपलाच बेत सपशेल फसणे, तर आपण तोंडघशी पडतो ते पुष्कळदा दुसऱ्यावर विसंबल्यामुळे. 'फेस द म्युझिक'मध्ये गाणे-बजावणे काहीच नसते. आपल्या कृतीचे परिणाम मुकाट्याने सोसणे एवढाच त्याचा अर्थ. 'एग ऑन युवर फेस' म्हणजे सगळ्यांदेखत फजिती, पण तो गप्पांत शोभतो, अर्जात नाही.

यावर कुणी म्हणेल, अशी तुलना केली तर मुले शब्दशः भाषांतर करू लागतील. धोका खरा आहे, पण तुलना टाळून तो टळत नाही. मनातल्या मनात भाषांतर होतच असते, आणि जोडी उघड मांडली तरच ती कुठे जुळत नाही हे दाखवता येते. दुसरा आक्षेप असा, की नोकरीपुरती साधी, सरळ इंग्रजी पुरेशी आहे. बोलण्यापुरते हे मान्य करावे. शिकाऊ माणसाने वाक्प्रचार ओढूनताणून वापरू नयेत. ऐकताना मात्र सुटका नसते. एखाद्या पुरवठादाराचा अहवाल 'ॲट फेस व्हॅल्यू' घेऊ नका, असे वरिष्ठाने सांगितले तर त्याचा अर्थ, कागदावर दिसते ते खरे न मानता स्वतः तपासा. शेअरचे दर्शनी मूल्य आणि त्याचा बाजारभाव वेगळा असतो, हे ठाऊक असलेल्याला ही सूचना लगेच समजेल. म्हणून शिक्षकाने प्रत्येक वाक्प्रचारामागे तीन गोष्टी विचाराव्यात: यात मान कुणाचा जातो, मराठीत आपण याला काय म्हणतो आणि दोहोंत फरक कुठे पडतो. याने वेळ थोडा जास्त जाईल. पण मुलांची मराठी वर्गाबाहेर ठेवावी लागणार नाही आणि इंग्रजी समजून येईल.