रसातळातील 'धाडसी प्रवासी'

मराठीत 'रसातळाला जाणे' म्हणजे नाश पावणे. भूगर्भातील सूक्ष्मजीवसृष्टी या अर्थाचा फेरविचार करावयास लावते. कोयना परिसरात २०१७ साली ३ किलोमीटर खोलीचे वेधन पूर्ण झाले आणि बेसाल्टखालील ग्रॅनाइटी खडकांतही सूक्ष्मजीवांचा माग लागला. सोन्यासाठी माणूस बेंगळुरूनजीकच्या कोलारमध्येही इतकाच खोल उतरला होता. दक्षिण आफ्रिकेतील अशाच एका खाणीत, २.८ किलोमीटर खोलीवरील पाण्यात, जवळजवळ एकटाच राहणारा जीवाणू २००८ मध्ये वर्णिला गेला. सूर्यप्रकाशाविना तो जगतो: युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होते आणि त्यातून मिळणारा हायड्रोजन व सल्फेट यांवर त्याचे पोषण होते. त्याचे 'ऑडॅक्सव्हिएटर', म्हणजे 'धाडसी प्रवासी', हे नाव ज्यूल व्हर्नच्या १८६४ च्या भूगर्भप्रवासाच्या कादंबरीतील लॅटिन संदेशातून घेतलेले आहे. २०२१ मध्ये आफ्रिका, सायबेरिया व कॅलिफोर्निया येथील नमुने जवळजवळ एकरूप आढळले. संशोधकांच्या मते याचे कारण अलीकडचे स्थलांतर नव्हे, तर समान पूर्वज आणि अतिमंद उत्क्रांती हे असावे. दूरस्थ साम्य दिसताच प्रभाव शोधू पाहणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने हा इशारा ध्यानी घ्यावयास हवा.